मांस सोडलं, मग मांसासारखं का खातात?

शाकाहारी माणसाच्या ताटात सोयाचा खिमा किंवा फणसाची बिर्याणी दिसली की एक प्रश्न हमखास येतो: "सोडलंय ना? मग तसलंच कशाला लागतं?" विचारणाऱ्याला त्यात ढोंग दिसतं. ज्याला विचारलं जातं तो बहुतेक वेळा हसून विषय बदलतो, कारण जेवता जेवता दोन वाक्यांत देता येईल असं उत्तर नसतं. ते सविस्तर द्यायला हवं, असं मला मनापासून वाटतं. हा प्रश्न ऐकून खजील झालेली बरीच माणसं मी पाहिली आहेत आणि त्यांचं काहीही चुकलेलं नसतं.

मांस सोडणाऱ्याला मांसाची चव नकोशी झाली असणार, हे या प्रश्नात धरूनच चाललेलं असतं. पण माणसं मांसाहार का सोडतात ते पाहिलं, तर चव आवडत नाही हे कारण क्वचितच सापडतं.

आपल्याकडचंच बघू. महाराष्ट्रात मांसाहार करणारे निम्म्याहून अधिक आहेत आणि त्यांच्यातलेच कितीतरी जण पुढे माळकरी होतात. गळ्यात तुळशीची माळ आली की दारू आणि वशाट दोन्ही बंद. पंचेचाळिसाव्या वर्षी माळ घालणाऱ्या माणसाने तोवर जत्रेचं बोकड खाल्लेलं असतं, आषाढातली कोंबडी खाल्लेली असते, रस्सा ओरपलेला असतो. त्याने विठ्ठलाला शब्द दिला तो जीव मारून न खाण्याचा. काळ्या मसाल्याच्या तर्रीचा, भाकरी कुस्करून खाण्याचा, दाताखाली काहीतरी चावून खाण्याचा त्याग त्याने केलेला नाही, आणि तसा कुणी त्याच्याकडे मागितलेलाही नाही.

श्रावण पाळणारे महिन्यापुरते थांबतात. कुणी सोमवार पाळतो, कुणी गुरुवार. गोव्यात आणि सिंधुदुर्गात एरवी रोज मासे असलेल्या घरांत वाराच्या दिवशी सुरणाचे किंवा नीरफणसाचे काप तिखट-मीठ लावून, रव्यात घोळवून तव्यावर टाकतात. सुरमईच्या तुकडीला जे करतात तेच, त्याच तव्यावर.

व्हीगन लोकांचं कारण आणखी वेगळं. 1944 साली इंग्लंडमध्ये डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी व्हीगन सोसायटी स्थापन केली. प्राण्याकडून काहीच घ्यायचं नाही, म्हणजे दूध, तूप, अंडी, मधही नाही, अशी त्यांची भूमिका. त्यांचा आक्षेप प्राण्याच्या हालांना आहे. अलीकडे पर्यावरणासाठी मांस सोडणारेही वाढले आहेत आणि त्यांच्यामागे भक्कम आकडे आहेत. जगभरातल्या हजारो शेतांची माहिती एकत्र करून 2018 साली 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, 100 ग्रॅम प्रथिनं मिळवताना मांसासाठी पाळलेल्या गुरांमागे सरासरी 50 किलो कार्बन डायऑक्साइडइतके हरितगृह वायू बाहेर पडतात. टोफूमागे, म्हणजे सोयाबीनच्या दुधाच्या पनीरामागे, साधारण 2 किलो.

व्रत, करुणा, हवामान, डॉक्टरांनी सांगितलेलं पथ्य, यातल्या कुठल्याही कारणाचं भांडण कबाबाच्या चवीशी नाही.

मटणाची चव म्हणजे नेमकं काय?

कच्च्या मांसाला फारशी चव नसते. किंचित खारट, थोडी लोखंडासारखी, रक्ताची. ज्या चवीसाठी माणसं रविवारी सकाळी रांगेत उभी राहतात ती चुलीवर तयार होते.

त्यातला मोठा वाटा एका रासायनिक क्रियेचा आहे. लुई-कामिल मायार या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1912 साली तिचं वर्णन केलं. प्रथिनांचे घटक असलेली अमिनो आम्लं आणि साखर साधारण 140 अंश सेल्सियसच्या पुढे एकत्र तापली की पदार्थ तपकिरी होतो आणि वासाची शेकडो नवी संयुगं जन्माला येतात. भाकरीवरचे काळसर डाग, लालसर परतलेला कांदा, खरपूस भाजलेलं सुकं खोबरं, सगळीकडे हीच क्रिया चालू असते. मांसाचा म्हणून जो वास आपण ओळखतो त्यात गंधक असलेली संयुगं महत्त्वाची असतात. सिस्टीन नावाचं गंधकयुक्त अमिनो आम्ल आणि रायबोज नावाची साखर एकत्र तापवली तर भांड्यात मांसाचा कणही नसताना शिजलेल्या मांसासारखा वास येतो. कृत्रिम स्वाद बनवणारे कारखाने याच ज्ञानावर चालतात.

आता आपलं वाटण आठवा. कांदा आणि लसूण दोन्ही गंधकयुक्त. ते भाजतो, त्यात खोबरं भाजतो, वरून दगडफूल, मसाला वेलची, लवंग घातलेला काळा मसाला. मटणाच्या रश्शाचा जो वास शेजारच्या घरापर्यंत जातो त्याचा बराचसा भाग बोकडाचा नसतोच. तेच वाटण वांग्यात घातलं तरी वास जातो. म्हणून तर "आज काय मटण का?" असं विचारत कुणी डोकावतं आणि आत अख्खा मसूर शिजत असतो.

दुसरा घटक म्हणजे उमामी, जिभेला भरीव, तोंडभर वाटणारी चव. 1908 साली टोकियोतले रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी ती ग्लुटामेट या पदार्थामुळे येते हे दाखवलं. त्यांनी तो मिळवला तो कोंबू नावाच्या समुद्री शेवाळातून, ज्याचं पाणी जपानी बौद्ध मठांच्या शाकाहारी स्वयंपाकघरांत मुरलेलं होतं. पिकलेला टोमॅटो, आंबवलेलं सोयाबीन यांत ग्लुटामेट भरपूर असतं. वाळवलेल्या शिताके अळंब्यांत ग्वानिलेट नावाचं दुसरं संयुग असतं आणि ही दोन एकत्र आली की चव कित्येक पटींनी वाढते. गोव्यात पावसाळ्यात वारुळांवर उगवणाऱ्या अळंब्यांचं शाकुती खाल्लेल्या माणसाला मी काय म्हणतोय ते पटेल.

उरल्या दोन गोष्टी, चरबी आणि चावणं, आणि इथे प्राण्याची बरोबरी करणं खरंच अवघड आहे. बोकडाला बोकडाचा आणि कोंबडीला कोंबडीचा वास देते ती मुख्यतः त्यांची चरबी. चावताना लागतो तो स्नायू. स्नायू म्हणजे लांबच लांब तंतूंच्या जुड्या, आणि त्यांना बांधून ठेवणारं कोलॅजन, जे मंद आचेवर शिजून विरघळतं आणि रस्सा दाट करतं. वनस्पतीला पळायचं नसतं. तिला स्नायू नाहीत. तिची प्रथिनं बियांमध्ये रोपट्याची शिदोरी म्हणून साठवलेली असतात, सूक्ष्म गोळ्यांसारखी गुंडाळलेली. डाळ शिजून मऊ होते, मटण शिजून तुटतं, त्याचं कारण हे. मांसाच्या पर्यायांचा सगळा इतिहास या एका अडचणीवर मात करण्याचा इतिहास आहे.

हे नवं नाही

परदेशी बर्गरमुळे हे सगळं काल-परवा सुरू झालं असा समज आहे, तो चुकीचा आहे. जुन्नर, नारायणगाव, आंबेगाव, संगमनेर या पट्ट्यात मासवडी करतात. बेसन घट्ट शिजवून ओल्या फडक्यावर थापायचं, त्यावर भाजलेले तीळ, सुकं खोबरं, कांदा-लसूण, कोथिंबीर यांचं सारण पसरायचं, फडक्याच्या आधाराने वळून माशासारखा लांबट आकार द्यायचा आणि आडव्या वड्या कापायच्या. सोबत जाळ रस्सा आणि बाजरीची भाकरी. माशाच्या तुकड्यांसारखी दिसणारी ही वडी माळकरी घरांतही होते आणि कोंबडी खाणाऱ्या घरांतही आवडीने होते. तिला कुणी ढोंगी म्हटल्याचं ऐकलेलं नाही. नागपुरात सावजी खाणावळीत मटण न खाणाऱ्यासाठी पाटवडी रस्सा असतो. तर्री तीच, डोळ्यांत पाणी आणणारा मसाला तोच, तुकडा तेवढा बेसनाचा. बंगालमध्ये कच्च्या फणसाला झाडावरचं बोकड म्हणतात. शिजल्यावर त्याचे रेषे सुटतात, मसाला आत ओढून घेतात, आणि आचेची घाई केली तर मटणासारखाच तो कच्चट राहतो.

सगळ्यात लांबचा पल्ला चीनने गाठला. सहाव्या शतकाच्या सुरुवातीला लियांग वंशाचा सम्राट वू याने बौद्ध भिक्षूंना मांस वर्ज्य करायला लावलं. तेव्हापासून चिनी मठांतला स्वयंपाक पूर्ण शाकाहारी झाला. पण मठात येणारे यात्रेकरू आणि दान देणारे श्रीमंत घरी मांस खाणारे होते. त्यांच्या पंक्तीला बदक, मासा, डुकराचं मांस यांची हुबेहूब रूपं वाढली जाऊ लागली. पाहुण्याला त्याच्या ओळखीचं जेवण द्यायचं आणि मठाचा नियमही मोडायचा नाही, असा त्यामागचा विचार. सोंग वंशाच्या काळापर्यंत, म्हणजे हजारएक वर्षांपूर्वी, मोठ्या शहरांतल्या खानावळींतही असे पदार्थ मिळत होते.

त्यांचं मुख्य साधन गव्हातलं ग्लुटेन. कुरडयांसाठी आपण भिजवलेला गहू वाटून त्याचा पांढरा चीक ठेवतो आणि चोथा बाजूला काढतो. चिनी आचारी उलटं करतात: कणकेचा गोळा पाण्यात चोळत राहतात, पिठूळ पांढरं पाणी वाहून जाऊ देतात आणि हातात उरतो तो चिवट, ताणला जाणारा, राखाडी गोळा ठेवतात. तो उकडला, तळला, सोया सॉसमध्ये मुरवला की दाताला खरोखर प्रतिकार करतो. यालाच आज जगभर सेइतान म्हणतात. सोयाबीनच्या दुधावरची साय थरावर थर रचून त्याचं 'बदक' करायची पद्धतही तिकडचीच. अमेरिकेत 1890 च्या दशकात बॅटल क्रीकच्या आरोग्यधामात डॉ. जॉन हार्वे केलॉग यांनी शेंगदाणे आणि गव्हाचं ग्लुटेन वापरून असाच पदार्थ विकायला काढला. ते ॲडव्हेंटिस्ट या ख्रिस्ती पंथात वाढलेले, मांस आरोग्याला वाईट असं मानणारे. कारण वेगळं, भाषा वेगळी, हाती घेतलेला गहू तोच.

सोयाच्या वड्या आणि मुळावरच्या गाठी

आपल्या किराणा दुकानात मिळणाऱ्या सोया वड्या हे यंत्राने शोधलेलं उत्तर. सोयाबीनमध्ये साधारण 18 ते 20 टक्के तेल आणि 40 टक्क्यांच्या आसपास प्रथिनं असतात. तेल काढून घेतल्यावर उरते ती पेंड. तिचं पीठ पाण्याबरोबर एक्स्ट्रूडर नावाच्या यंत्रात घालतात. आत फिरणारा जाड मळसूत्री दांडा ते पीठ दाबत, तापवत पुढे ढकलतो. उष्णता आणि दाब यांमुळे गुंडाळलेली प्रथिनं उलगडतात, ढकलली जाताना एका दिशेने लांबतात आणि एकमेकांना चिकटतात. तोंडातून बाहेर पडताक्षणी दाब एकदम कमी होतो, आतल्या पाण्याची वाफ होऊन सुटते आणि वडी फुगून सच्छिद्र होते. 1960 च्या दशकात अमेरिकेत हे तंत्र आलं, 1980 च्या दशकापासून भारतात घराघरांत पोचलं. यंत्राच्या तोंडाला थंड केलेली लांब नळी जोडली आणि पाणी जास्त ठेवलं तर वडी फुगत नाही, उलट कोंबडीच्या छातीसारखे पदर सुटतात. शीतकपाटात मिळणारे आजचे महाग पर्याय असे होतात.

या कहाणीत मराठवाडा आणि विदर्भ कुठेतरी कडेला उभे नाहीत. सोयाबीन पिकवण्यात मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र देशात पुढे आहेत आणि लातूरची बाजारपेठ सोयाबीनवर चालते. आपल्या पेंडेचा मोठा भाग कोंबड्यांच्या खाद्यात जातो. ब्रॉयलर कोंबडीचं एक किलो वजन वाढायला साधारण दीड ते दोन किलो खाद्य लागतं. म्हणजे सोयाबीनची प्रथिनं आपण खातोच, मधे कोंबडी ठेवून. ज्याला ती मधली पायरी नको आहे त्याने वडी खाल्ली तर त्यात विचित्र काय, हे मला कधी कळलेलं नाही. लातूरच्याच देशमुख घराण्यातले अभिनेते रितेश देशमुख आणि जेनेलिया यांनी स्वतः मांस सोडल्यावर 2021 मध्ये वनस्पतीजन्य कबाब आणि खिमा बाजारात आणला. त्यांच्याही मनात सोडलेल्या चवीची आठवण होती आणि ती त्यांनी लपवली नाही.

सोयाबीन उपटून पाहिलेल्या शेतकऱ्याला आणखी एक गोष्ट माहीत असते. मुळांवर बारीक गाठी असतात आणि निरोगी गाठ नखाने फोडली की आत गुलाबी-लाल दिसते. हवेतला नत्र जमिनीत धरणारे जिवाणू त्या गाठींत राहतात, आणि तो रंग लेगहिमोग्लोबिनचा, म्हणजे आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या वनस्पतीतल्या भावंडाचा. दोन्हींच्या गाभ्यात लोह धरून ठेवणारा हीम नावाचा रेणू असतो. स्टॅनफर्ड विद्यापीठातले जीवरसायनशास्त्रज्ञ पॅट्रिक ब्राउन यांनी 2011 साली इम्पॉसिबल फूड्स ही कंपनी काढली. मांसाच्या चवीत हीमचा हात मोठा आहे, कारण तापवल्यावर तो वास निर्माण करणाऱ्या क्रियांना वेग देतो, हे त्यांनी धरलेलं सूत्र. गाठी खणून काढण्याऐवजी सोयाबीनमधलं जनुक यीस्टमध्ये घालून टाक्यांत लेगहिमोग्लोबिन बनवलं आणि 2016 मध्ये तव्यावर लालाचा तपकिरी होणारा बर्गर आणला. बियॉन्ड मीट या दुसऱ्या कंपनीने वाटाण्याची प्रथिनं आणि बीटाचा रंग वापरला. चरबीसाठी खोबरेल तेल अनेकांनी वापरलंय, कारण ते थंडीत गोठतं आणि तव्यावर वितळतं, प्राण्याच्या चरबीसारखं.

ज्यांना हे सहन होत नाही

इतकं हुबेहूब झालं की काही शाकाहारी माणसांना ते तोंडात घालवत नाही. जन्मापासून शाकाहारी असलेल्या कितीतरी जणांना सोया वडीच्या नुसत्या चावण्यानेही मळमळतं. हेही तितकंच खरं आहे आणि त्याला कारण आहे. मानसशास्त्रज्ञ पॉल रोझिन आणि सहकाऱ्यांनी 1997 मध्ये दाखवलं की नैतिक कारणाने मांस सोडणाऱ्यांना मांसाची किळस जास्त वाटते, तब्येतीसाठी सोडणाऱ्यांना तेवढी नाही. नैतिक निर्णय हळूहळू शरीरात उतरतो. ज्याच्यात तो पूर्ण उतरला त्याला पर्याय नको असतो, ज्याच्यात उतरायचा आहे त्याला तो सोबत करतो, आणि कित्येकांमध्ये तो कधीच उतरत नाही, तरी ते आपला शब्द पाळतात. या तिसऱ्या लोकांविषयी मला सर्वांत जास्त आदर आहे. रोज इच्छा होते आणि रोज ते नाही म्हणतात. त्यांना वर आणखी "मग हे तरी कशाला?" म्हणून टोकणं अन्यायाचं आहे.

आणि माणूस एकटा जेवत नाही. घरात चौघं खाणारी आणि एक माळकरी असेल तर त्याची भांडी वेगळी, चूल आधी. मित्रांच्या शेकोटीवर सगळ्यांच्या सळीवर काहीतरी आहे आणि एकाच्या हातात काकडी. जर्मनीत किंवा अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या मुलांना ऑफिसच्या बार्बेक्यूमध्ये हे वारंवार भेटतं. सळीवर लावता येईल असं काही मिळालं की तो माणूस पंगतीत राहतो. मला तर पर्यायांचं हेच सर्वांत भक्कम कारण वाटतं.

पोटाला काय मिळतं?

मांसासारखं दिसतं म्हणून मांसाइतकं पोषण असेलच असं नाही. फणसाला पोत छान आहे, पण 100 ग्रॅममागे प्रथिनं जेमतेम दोन ग्रॅम. सोबत डाळ हवीच. सेइतानमध्ये प्रथिनं भरपूर, पण लायसिन हे अमिनो आम्ल कमी. डाळी-कडधान्यांनी ते भरून निघतं. सोयाबीन सगळ्यात सरस, त्यातली प्रथिनं दर्जाने प्राणिज प्रथिनांच्या जवळ जातात. कोरड्या वड्यांत 100 ग्रॅममागे 50 ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात. भिजल्यावर वडी दुप्पट-तिप्पट पाणी पिते, त्यामुळे ताटातला आकार पाहून फसू नये. एका माणसाला 30 ग्रॅम कोरड्या वड्या घेतल्या तर साधारण 15 ग्रॅम प्रथिनं पोटात जातात. बी-12 जीवनसत्त्व यातल्या कशातच नैसर्गिकरीत्या नसतं. दूधही न घेणाऱ्यांनी त्याची गोळी किंवा बी-12 घातलेले पदार्थ घेणं टाळू नये. कमतरता वर्षानुवर्षं कळत नाही आणि नसांना इजा करते.

तयार बर्गर-कबाबांत मीठ बरंच असतं, एका पॅटीत साडेतीनशे ते चारशे मिलिग्रॅम सोडियम सहज. तरी ते विषासारखे आहेत ही ओरड खरी नाही. स्टॅनफर्डमध्ये 36 जणांनी आठ आठवडे मांस आणि आठ आठवडे त्याचे वनस्पतीजन्य पर्याय खाल्ले. पर्यायांच्या काळात त्यांचं वाईट कोलेस्टेरॉल कमी झालं. 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाला पैसे असे पर्याय बनवणाऱ्या कंपनीने दिले होते, हेही वाचकाला माहीत असावं. रोजचं जेवण म्हणून मी उसळ-भाकरीच्याच बाजूने आहे.

विकत घेताना व्हीगन लोकांनी हिरव्या ठिपक्यावर थांबू नये, कारण आपल्याकडे हिरव्या ठिपक्यात दूध चालतं. 2022 च्या नियमांनंतर व्हीगन पदार्थांसाठी वेगळं हिरवं चिन्ह आलं आहे, इंग्रजी व्ही अक्षरावर पान असलेलं.

आणि घरी सोया वडी करणार असाल तर तिला वास येतो ही तक्रार करण्याआधी एकदा असं करून पाहा. वड्या मीठ घातलेल्या उकळत्या पाण्यात दहा मिनिटं ठेवा, गार पाण्यात दोनदा धुवा आणि दोन्ही तळव्यांत धरून अगदी कोरड्या होईपर्यंत पिळा. कडधान्याचा तो उग्र वास पाण्याबरोबर जातो. मग आलं-लसूण, हळद, लाल तिखट आणि थोडं दही लावून तासभर मुरू द्या. दही चालत नसेल तर चिंचेचा कोळ. रश्शात थेट टाकू नका. लोखंडी तव्यावर जरा जास्त तेलात, मोठ्या आचेवर, कडा तपकिरी होईपर्यंत परता, आणि त्यानंतरच वाटणात घाला.